लांब चालायचं आणि जड कॅमेरा: गळ्यात, खांद्यावर, कमरेला की सरळ घरी?

खाडीवाला
मंडळी, दुखणं जुनंच आहे पण आता अंगाशी यायला लागलंय म्हणून धागा काढतोय. पक्ष्यांचे फोटो काढतो. माझ्याकडे निकॉन डी ५०० आणि त्यावर २००-५०० मिमीची लांब झूम लेन्स आहे. बॉडी बॅटरीसकट ८६० ग्रॅम, लेन्स कॉलरसकट (स्टँडला लावायला लेन्सभोवती असते ती कडी) २३०० ग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या वरच प्रकरण. फोटो काढताना काही वाटत नाही, तेव्हा अंगात येतं. त्रास होतो तो मधल्या वेळात. भांडुप पंपिंगला, म्हणजे खाडीकाठच्या पक्षी बघायच्या जागेवर, पहाटे पोचायचं, मग खाडीच्या कडेकडेने दोन-तीन तास पायपीट, त्यातला बहुतेक वेळ कॅमेरा नुसता गळ्यात लटकत असतो आणि घरी येईपर्यंत मान अशी आखडते की रिक्षावाल्याने हाक मारली तरी अख्खं अंग वळवावं लागतं.

सध्या बॉक्समध्ये आलेला कंपनीचा पट्टाच वापरतोय. माझ्या अटी अशा, की पक्षी दिसला की दोन-चार सेकंदांत कॅमेरा डोळ्याला लागला पाहिजे, मी मुलुंडहून लोकलने किंवा बसने फिरतो, गाडी नाही, आणि आता उन्हाळा सुरू झालाय तर घामाचाही विचार करा. बजेट बेताचं. आणि "लेन्स विकून टाका" हा सल्ला कृपया नको, तो घरी रोज फुकट मिळतो.

अर्धा_स्टॉप
पहिलं काम, तो कंपनीचा पट्टा काढून टाका. पिवळ्या अक्षरात नाव मिरवायला आहे तो, मान सांभाळायला नाही. शिवाय गर्दीत लांबून कळतं की याच्याकडे काय माल आहे.

क्रॉस स्लिंग, म्हणजे अंगावरून तिरका जाणारा पट्टा, घ्या. ब्लॅकरॅपिडचा मूळचा, किंवा त्याच धर्तीचे स्वस्तातले बरेच मिळतात. डाव्या खांद्यावरून तिरका, कॅमेरा उजव्या कमरेशी उलटा लटकतो. उचलताना पट्टा जागच्या जागी राहतो, कॅमेरा त्याच्यावरून घसरत वर येतो, त्यामुळे तुमची दोन-चार सेकंदांची अट पूर्ण. फक्त स्क्रू बॉडीच्या खाली लावू नका, लेन्सच्या कॉलरला लावा. बॉडीला लावलात तर एवढी मोठी लेन्स माउंटवर, म्हणजे बॉडीला जोडते त्या सांध्यावर, लोंबकळत राहते.

चौथीसीट
तीन किलो म्हणजे आमच्याकडे आठवड्याचे कांदेबटाटे. ते मात्र "हातात आण, रिक्षा कशाला" असं असतं.

फिजिओ_मृ
व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून थोडं लांबण लावते, चालवून घ्या.

गळ्यात वजन लटकलं की ते डोकं आणि मान पुढे ओढतं. ते पडू नये म्हणून मानेच्या मागचे आणि खांद्याच्या वरचे स्नायू सतत ताणून धरलेले राहतात, सुटी मिळतच नाही त्यांना. तुम्ही "आखडते" म्हणताय ते हेच. वरून पक्षी बघायला मान वर करायची, की तेच स्नायू पुन्हा कामाला. पट्टा रुंद केला, मऊ केला तर काचणं कमी होतं पण ओढ तेवढीच राहते. म्हणून रुंद निओप्रीनचा (रबरासारखा मऊ) पट्टा घेऊन लोकांना पहिला आठवडा बरं वाटतं आणि मग परत माझ्यासारख्यांकडे येतात.

स्लिंगने मान सुटते हे खरं, पण सगळा भार एका खांद्यावर येतो आणि माणूस नकळत दुसरीकडे कलून चालतो. तासाभराला ठीक, रोजच्या तीन तासांना नाही. वजन शेवटी कमरेच्या हाडावर, म्हणजे ओटीपोटाच्या बाजूला वर हाताला लागतं ना ते हाड, त्याच्यावर आलं पाहिजे. तिथून पुढे मांड्या बघून घेतात, त्यांची ताकद भरपूर असते.

आणि खाडीवाला, हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड कमी झाल्यासारखी वाटत असेल तर पट्टे बदलत बसू नका, आधी दाखवून घ्या कोणाला तरी.

खाडीवाला
@फिजिओ_मृ ताई, मुंग्या वगैरे काही नाही, नुसती आखडते. पण कमरेवर वजन म्हणजे होल्स्टर का? ते पट्ट्याला पिस्तुलासारखं?

लग्नसराई
होल्स्टर वापरलंय. स्पायडरचं भाड्याने घेतलं होतं एका सीझनला. २४-७० सारखी छोटी लेन्स लावलेल्या बॉडीला झकास, वजन खरंच जाणवत नाही. पण तुमची २००-५०० कमरेला लावून चाललात तर लेन्स गुडघ्यापर्यंत येईल आणि प्रत्येक पावलाला मांडीवर आपटेल. आणि लोकलमध्ये बसायचं कसं ते तुम्हीच ठरवा.

आम्ही लग्नाला डबल हार्नेस वापरतो. दोन्ही खांद्यांवर पट्टे, पाठीवर एकत्र आलेले, दोन बाजूंना दोन बॉडी. चामड्याचा दिसायला भारी पण मे महिन्यात दादरच्या बिनएसी कार्यालयात दोन मुहूर्त केलेत की त्या चामड्याला असा वास सुटतो की नवरदेव लांब सरकतो. आता नायलॉनचा घेतलाय, धुता येतो.

चौथीसीट
@खाडीवाला होल्स्टर लावून चौथ्या सीटवर बसून दाखवा, धागा मी स्पॉन्सर करतो.

रानवाटा_बोरिवली
स्लिंगवाल्यांशी असहमत. सपाट डांबरी रस्त्यावर ठीक आहे. नॅशनल पार्कात शिलोंडाच्या वाटेवर ओढ्यातले दगड ओलांडायला वाकलं की तीन किलोचा ऐवज पाठीवरून सुटून पुढे येतो आणि थेट दगडाला धडक. आमच्या ग्रुपमधल्या एकाचं हूड (लेन्सच्या तोंडावरची टोपी) असंच फुटलं, नशीब काच वाचली. स्लिंग वापरायचाच तर एक हात कायम लेन्सवर हवा, आणि मग हातातच धरायची तर पट्टा कशाला?

मी मोनोपॉडवाला, म्हणजे एका पायाच्या स्टँडवाला आहे. लेन्स मोनोपॉडवर कायम लावलेली, मोनोपॉड खांद्यावर आडवा, कॅमेरा पाठीमागे. खांदा दुखला की दुसऱ्या खांद्यावर. दोन्ही दुखले की जमिनीवर टेकवायचा आणि त्याच्यावरच हात ठेवून उभं राहायचं. शूट करतानाही वजन काठीवर. खांद्याला टोचू नये म्हणून एसीच्या तांब्याच्या पाइपावर जो काळा फोम घालतात तो एसीच्या सामानाच्या दुकानातून फूटभर आणून मोनोपॉडला चढवा, चहाच्या पैशात काम होतं. फक्त खांद्यावर घ्यायच्या आधी दर वेळी क्लॅम्प हाताने पिळून बघायचा. दर वेळी.

जुना_रीळवाला
तुम्ही सगळे नवीन मंडळी. आम्ही निकॉनचा रीळवाला एफएम २ घेऊन फिरायचो, ५४० ग्रॅमची बॉडी आणि ५० ची लेन्स. खांद्याला कॅनव्हासची झोळी, तिच्यात कॅमेरा, दोन रोल, डबा. गिरगावातून चालत सुटलो की खोताची वाडी, बाणगंगा करत मलबार हिल. मान दुखल्याचं आठवत नाही.

अर्धा_स्टॉप
काका, त्या ५० मिमीने खाडीतला शेकाट्या पक्षी काढून दाखवा. ह. घ्या. (हलके घ्या)

जुना_रीळवाला
घेतलं हलके. पण मुद्दा असा की तेव्हा आपण जवळ जायचो, आता लेन्स जवळ जाते आणि माणूस लांबच राहतो.

रानवाटा_बोरिवली
काका माफ करा पण पक्ष्यांच्या बाबतीत लांब राहणंच बरं. घरट्याजवळ जाऊन जाऊन लोकांनी काय वाट लावलीये ते पार्कात बघतोच आम्ही.

माहीमची_मीन
एवढे पुरुष बोलले पण एकानेही हे सांगितलं नाही की तिरका स्लिंग बायकांना नीट बसतच नाही. पट्टा बरोबर मधून जातो, चालताना गळ्याकडे सरकतो, आणि दोन-तीन किलो लटकलेले असतील तर काचतो ते वेगळंच. दुकानदार म्हणतो "मॅडम सवय होईल". नाही होत.

मी वापरते ते बायनॉक्युलरसाठी असतं तसलं इलॅस्टिकचं हार्नेस. दोन्ही खांद्यांवरून पट्टे, पाठीवर फुली. मानेला स्पर्शसुद्धा नाही. फुजी एक्स-टी ३ आणि ५५-२०० आहे माझ्याकडे, तेवढ्याला उत्तम. तुमच्या वजनाला इलॅस्टिक ताणून कॅमेरा पोटावर उड्या मारेल, तेव्हा कॉटन कॅरियरसारखं छातीवर प्लेट असलेलं बघा. त्याचा तोटा एकच पण मोठा, छातीवर एवढा ऐवज असला की उतारावर स्वतःचे पाय दिसत नाहीत.

सह्यभटक्या
@माहीमची_मीन पाय न दिसण्याबद्दल +१. हरिश्चंद्रगडावर उतरताना पुढे काहीही लटकलेलं नको असतं.

ट्रेकवाल्यांचं उत्तर सांगतो. फोटोग्राफीची म्हणून मिळते ती बॅग घेऊच नका. त्यातल्या बऱ्याच बॅगांना कमरपट्टा म्हणून एक सुतळीएवढी पट्टी असते, तिच्यावर काही वजन येत नाही. साधी ट्रेकिंगची ३०-४० लिटरची सॅक घ्या जिला जाड, फोमचा कमरपट्टा आहे. आत फोमचा कप्पेवाला डबा बसवा, तो वेगळा मिळतो. आधी कमरपट्टा त्या हाडावर घट्ट आवळायचा, मग खांद्याचे पट्टे, ते नुसते सॅक पाठीला धरून ठेवण्यापुरते. जड सामान पाठीला चिकटून, बाहेरच्या कप्प्यात नाही. ताई म्हणतात तेच हे, आम्हाला ते खांदे सोलवटून शिकावं लागतं.

खाडीवाला
@सह्यभटक्या पण मग कॅमेरा सॅकमध्ये आणि खंड्या समोर. सॅक उतरवून चेन उघडेपर्यंत तो मासा खाऊन ढेकर देऊन ऐरोलीला पोचलेला असतो.

फिजिओ_मृ
हाच तर खरा पेच आहे ना. जितका आराम तितका कॅमेरा हातापासून लांब. म्हणून मी पेशंटना विचारते की तीन तासांत नक्की किती वेळ कॅमेरा तयार हवा? घरापासून स्टेशन, लोकल, स्टेशनपासून खाडीपर्यंत, परतीचं सगळं, हे सॅकमध्येच जाऊ दे की. मानेला निम्मी सुटी तिथेच मिळाली.

ठाणेकर_टिवटिव
मी येतो तोडगा घेऊन. सह्यभटक्यांचीच सॅक, आणि तिच्या खांद्याच्या पट्ट्यांना छातीच्या उंचीवर दोन बाजूंना दोन छोट्या कॅराबिनर. एक हूक लेन्स कॉलरच्या फुटाला लावलेल्या कडीत, दुसरा बॉडीच्या पट्ट्याच्या कडीत. कॅमेरा पोटावर आडवा बसतो, वजन सॅकच्या पट्ट्यांवर, तिथून कमरपट्ट्यावर. मान पूर्ण मोकळी. उचलायला एका बाजूचा हूक सोडायचा, दुसरा लांब दोरीवर ठेवायचा म्हणजे हातातून सुटला तरी खाली पडत नाही. ऑपटेकचे यासाठी तयार पट्टे मिळतात, पण मी स्टेशनबाहेरच्या चांभाराकडून सॅकच्या पट्ट्यावर निवारीचे दोन लूप शिवून घेतले. त्याने दुहेरी टाके मारून वर लोंबकळून दाखवलं.

की-चेनवाल्या रंगीत कॅराबिनर घेऊ नका प्लीज. त्यांच्यावरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की गिर्यारोहणासाठी नाही. गिर्यारोहणाच्या दुकानातून लॉकवाली घ्या. आणि धातूने बॉडी खरवडते म्हणून त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा.

तोटा सांगतो, म्हणजे नंतर शिव्या नकोत. सॅक काढायच्या आधी कॅमेरा सोडायला विसरलात तर फजिती.

अर्धा_स्टॉप
पीक डिझाइनची कॅप्चर क्लिप याच कामाची आहे की. सॅकच्या पट्ट्याला घट्ट बसते, कॅमेऱ्याखाली तिच्यात बसणारी आर्का प्लेट, खटकन बसतो खटकन निघतो.

ठाणेकर_टिवटिव
छोट्या लेन्सला क्लिप उत्तमच. २००-५०० ला नाही. एका खांद्यावर सगळं येतं आणि लेन्स चालताना पोटावर मोगरीसारखी बडवत राहते. ज्यांचं २४-७० पर्यंतच काम आहे त्यांनी डोळे झाकून घ्यावी.

लग्नसराई
अवांतर पण महत्त्वाचं. लालबागला किंवा विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर जाणाऱ्यांनी यातलं काहीही करू नका. गर्दीत स्लिंग, क्लिप, लोंबणारी दोरी सगळं कशात ना कशात अडकतं. पट्टा आखूड, गळ्यात आणि एका हातातून काढलेला, कॅमेरा छातीशी, हात लेन्सवर. तिथे मान दुखली तर दुखू दे. बॉडीला चिकटपट्टीने प्लास्टिक गुंडाळा, गुलाल बटणांच्या फटीत गेला की दिवाळीपर्यंत निघत राहतो. आणि लेन्स बदलायची नाही, कितीही मोह झाला तरी.

माहीमची_मीन
लोकलचं पण. सॅक पुढे घ्यायची हे सगळ्यांना माहितीये, पण कॅमेरा बाहेर हूकला लावून गाडीत चढू नका. लेडीज डब्यात एकदा एका मुलीचा पट्टा दुसरीच्या ओढणीला अडकून दोघी एकत्र दादरला उतरल्या, उतरायचं एकीलाच होतं.

चौथीसीट
मैत्री झाली का पुढे?

माहीमची_मीन
भांडण झालं.

जुना_रीळवाला
घामाचं कोणी बोललं नाही, मुख्य अट ती होती. निओप्रीन मऊ असतं पण हवा खेळत नाही, मानेवर घामोळं येतं. सुती पंचा मानेखाली घाला नाहीतर सुती पट्टा वापरा. पट्टे साध्या पाण्यातून काढत जा, वाळलेल्या घामाचं मीठ राहिलं की कडक होतात आणि कडा सोलतात. आणि भिजलेल्या बॅगेत कॅमेरा ठेवून तसेच झोपू नका. फोम ओल धरून ठेवतो, मुंबईच्या पावसाळ्यात त्यातूनच बुरशी लेन्सच्या आत शिरते. घरी आल्यावर कॅमेरा बाहेर, बॅग पंख्याखाली उघडी.

अर्धा_स्टॉप
+१. ड्राय कॅबिनेट घेता आलं तर घ्या, ४०-५० टक्के आर्द्रता ठेवा. नाहीतर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, पण ती पुडी अधूनमधून तापवून कोरडी करावी लागते, वर्षानुवर्षं तीच ठेवून उपयोग नाही.

निवांत_नेरूळ
शिव्या खायची तयारी ठेवून बोलतो. पट्टे बदलून वजन कमी होत नाही. निकॉनची ३०० एफ ४ पीएफ ही हलकी लेन्स ७५५ ग्रॅमची आहे. तिला १.४ टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड) लावला, तो १९० ग्रॅमचा, की ४२० मिमी एफ ५.६. एक किलोच्या आत! तुमच्या डी ५०० वर थेट बसते. ५०० पीएफ घेतलीत तरी १४६० ग्रॅम. मी २००-५०० घेऊन चाणक्यच्या तलावावर वर्षानुवर्षं चाललो, आता ३०० पीएफ एका हातात धरून फिरतो, पट्टा फक्त मनगटाला. आणि फोटो जास्त येतात, कारण दमत नाही.

खाडीवाला
दादा, धाग्याची शेवटची ओळ वाचली का पहिल्या पोस्टमधली? :)

निवांत_नेरूळ
वाचली. म्हणून तर "विका" म्हटलं नाही, "घ्या" म्हटलं.

चौथीसीट
हे घरी सांगून बघा आणि मग मानेचं काय होतं ते कळवा.

सह्यभटक्या
निवांतरावांचं गणित बरोबर आहे पण झूम जाते हातची. फ्लेमिंगोंचा थवा अंगावरून उडत आला की ४२० ला नुसते पंख मिळतात. ऐरोलीच्या बोटीवरून तर २०० सुद्धा जास्त होतं कधीकधी.

रानवाटा_बोरिवली
पार्कात उलटं. हळद्या किंवा स्वर्गीय नर्तक झाडीत एवढे आत असतात की ५०० कमी पडतं. पण कान्हेरीपर्यंतचा डांबरी रस्ता चालून गेल्यावर हात थरथरत असेल तर ५०० असूनही सगळं हललेलंच येतं, हेही खरं.

खाडीवाला
सगळ्यांचे आभार, काही करून बघितलं ते सांगतो. शेजारच्या ट्रेकर मुलाची कमरपट्टावाली सॅक मागून घेतली, ठाणेकरांची हूकची पद्धत (लूप मुलुंड स्टेशनबाहेर शिवले, आमचा चांभार लोंबकळला नाही, "गॅरंटी आहे साहेब" एवढंच म्हणाला) आणि पंपिंगपर्यंत कॅमेरा आतच ठेवला. मान शाबूत आहे. चाल पण सुधारली, पूर्वी दर शंभर पावलांवर थांबायचो. खांद्यावर थोडं येतं अजून.

मोनोपॉडही रानवाटांच्या सांगण्यावरून काढला माळ्यावरून. खाडीच्या चिखलात टोक रुततं, तिथे नाही जमत. पण जिथे बसून वाट बघायची तिथे फारच बरा.

दोन अडचणी राहिल्यात. एक, हूकवर कॅमेरा असताना उकिडवं बसलं की हूड मातीला टेकतं. दुसरी, सॅक पाठीवर चिकटून राहते आणि शर्ट पिळून निघतो.

ठाणेकर_टिवटिव
आणखी दोन लूप दोन बोटं वर शिवून घ्या, खालचे तसेच राहू दे. बसायच्या वेळी वरच्यात लावा.

फिजिओ_मृ
खांद्यावर येतंय म्हणजे कमरपट्टा खाली घसरतोय किंवा सॅक तुमच्या पाठीला लांब होतेय. मुलगा तुमच्यापेक्षा उंच आहे का? पाठीची लांबी ॲडजस्ट होणारी सॅक असेल तर एक खाच कमी करून बघा. स्वतःची घेताना दुकानात आत दोन-तीन किलो वजन टाकून दहा मिनिटं चालून बघा, रिकामी सॅक कुठलीही छानच वाटते.

सह्यभटक्या
पाठीच्या घामाला जाळीवाली सॅक येते, पाठ आणि सॅकमध्ये पोकळी असते. हवा खेळते, पण वजन पाठीपासून चार बोटं लांब जातं आणि मागे ओढल्यासारखं होतं. तीन किलोला चालेल. त्याच्यात ट्रायपॉड आणि दोन लिटर पाणी टाकणार असाल तर नको.

खाडीवाला
मुलगा सहा फूट आहे. खाच कमी करून बघतो. जाळीवाली सॅक कोणाकडे असेल तर एका सकाळपुरती द्याल का, मुलुंड ते ठाणे कुठूनही घेऊन जाईन.

माहीमची_मीन
माझ्याकडे आहे पण छोट्या पाठीची, तुम्हाला नाही बसायची.

निवांत_नेरूळ
माझ्याकडे आहे. नेरूळला या, चाणक्यला जाऊ, आणि ३०० पीएफ पण हातात देतो, नुसती बघायला.

चौथीसीट
खाडीवाला, जाऊ नका.